लाल हे आडनाव झालं

धुळ्यात आमच्या स्वयंपाकघरात सकाळी मिक्सर सुरू झाला की नवरा आतल्या खोलीतून विचारतो, “झाली का धुळवड?” त्याचंही चूक नाही. झाकण कितीही दाबून धरलं तरी बीट कुठे ना कुठे उडतंच. ओट्यावर, भिंतीवर, कधी माझ्या कपाळावर. मग मी ग्लास भरते, खिडकीशी नेते, उजेडात धरून बघते आणि त्याचा फोटो काढून जळगावला पाठवते. चहा उकळेपर्यंत तिकडून उत्तर आलेलं असतं. “बीट जास्त.” किंवा “केळं कच्चं होतं.” किंवा “तुझ्या फोनला मोतीबिंदू झालाय, दाखवून घे.” फार क्वचित नुसतं “जमलं” असं येतं. त्या दिवशी मी शाळेत पोरांवर ओरडत नाही.

उत्तर पाठवणारा माणूस माझ्या नात्यातला नाही. ते माझे लग्नाआधीचे, जळगावचे घरमालक. एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, एकुलता एक मुलगा पुण्यात. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून नव्यानेच जळगावला लागले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेले. मी गेटात बॅग ठेवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गाव?”

“पिंपळनेर.”

“बरं. पिंपळनेर, ही खोली, ही किल्ली, पाणी सकाळी येतं.”

झालं. त्या दिवसापासून मी पिंपळनेर. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. आधी मला राग आला, मग कळलं की हा मान सगळ्यांनाच आहे. भाजीवाल्या अक्का म्हणजे बोदवड. पुट्टी-रंगकाम करणारा म्हणजे सोनगीर. इतकंच काय, एकदा ते म्हणाले, “पुण्याला ताप आलाय,” तर मला वाटलं तिकडे काही दंगलबिंगल झाली. ताप मुलाला आला होता.

त्यांची दुसरी तऱ्हा रंगांची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवून विचारलं, “हा कोणता रंग?”

“लाल.”

“लाल हे आडनाव झालं. नाव सांग.”

त्यांनी मला अंगणात उभं करून समजावलं. टमाट्याचा लाल, सुक्या मिरचीचा लाल, कुंकवाचा, विटेचा, कोंबड्याच्या तुऱ्याचा. सगळे एका आडनावाचे, पण एकाला हाक मारली तर दुसरा ओ देणार नाही. “तू विज्ञान शिकवतेस ना? मग पोरांना असं अर्धवट शिकवू नकोस.” त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो मला म्हणाला, “मॅडम, अजून गिऱ्हाईकानं लाल ऑइलपेंट मागितला का मी उठून उभा राहतो.”

त्यांच्या सगळ्या लाल रंगांत एक लाल राजा होता. केळफुलाचा. सर मूळचे रावेरकडचे, घर केळीवाल्यांचं. लहानपणी घरात केळी ढिगाने आणि रंगाची पेटी मात्र नाही. घड धरला की केळफूल तोडून बांधावर टाकून देतात. बाहेरून ते सुकल्या वांग्यासारखं दिसतं. पण पाकळी उलटी केली की आत जो लाल असतो तो पाहूनच आपण मास्तर झालो, असं ते सांगायचे. “घरचे म्हणायचे, पोरगं केळी सोडून कचरा उचलतं.”

आता त्या ग्लासाची गोष्ट. माझी शाळा सकाळची. घरून आणलेले लाडू संपले आणि मी उपाशीपोटी पळायला लागले. पहिल्याच महिन्यात एकदा, प्रार्थना चालू असताना, मी पोरांच्या देखत धाडकन पडले. मुख्याध्यापिकाबाईंनी रिक्षात घालून घरी पाठवलं. सर गेटातच उभे होते. रिक्षावाल्याने सगळं रसाळपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटला कुलूप. गेटाशी सर, हातात काचेचा भलामोठा ग्लास. एरवी ते शुद्ध मास्तरी मराठी बोलायचे. राग आला किंवा माया आली की मात्र तोंडातून रावेर बाहेर पडायचं.

“कुठी चालली उपाशी? आधी हे पे, मंग जाय.”

“सर, उशीर होतोय.”

“मंग लवकर पे.”

ग्लासात गुलाबीसर लाल काहीतरी होतं. मी नाक दाबून घोट घेतला आणि नाक सोडून दिलं. केळ्याची गोडी, मग डाळिंबाची आंबटसर चुणूक, दह्याचा गारवा आणि अगदी शेवटी, पाहुणा दारातून डोकावून जावा तितकंच बीट. मी ग्लास उलटा करून दाखवला. त्यांनी कुलूप काढलं. पुढे तो रिवाजच पडला. ग्लास रिकामा झाल्याशिवाय गेट उघडणार नाही. एकदा मी गेटावरून उडी मारायचा विचारही केला होता, पण साडी नेसलेली होती.

त्यांच्या सुनेच्या तोंडी याला स्मूदी म्हणतात. सर त्याला ‘रंग’ म्हणायचे. “रंग पिऊन जा.” करायची पद्धत साधी. बीट आदल्या संध्याकाळी उकडून, सोलून ठेवायचं. केळी भावाच्या मळ्यातून आलेल्या घडाची. केळीवाल्याने केळी विकत आणणं म्हणजे सोनाराने पितळेची अंगठी घालणं, असं त्यांचं म्हणणं. सालीवर काळे ठिपके आल्याशिवाय केळ्याला हात लावायचा नाही. मग डाळिंब, नसेल तर पेरू, थंडीत सीताफळ. घरी लावलेलं दही, लिंबाचे चार थेंब, काळं मीठ. बीट सगळ्यांत शेवटी आणि थोडं थोडं. मोजमाप काही नाही. मी एकदा विचारलं, “सर, बीट किती घ्यायचं?” तर म्हणाले, “कप-चमचे ज्यांना लागतात त्यांना लागू देत. मला डोळे आहेत.” ग्लास खिडकीशी न्यायचे, डोळे बारीक करून बघायचे, केळफुलाचा रंग आला की थांबायचे. मिक्सरचं झाकण ढिलं होतं, त्यामुळे भिंतीवर रोज शिंतोडे. पुसायचे म्हणाल तर छे! पेन घेऊन त्यांना चोच नि पाय काढायचे. ओट्यामागची सगळी भिंत लाल चिमण्यांनी भरली होती.

आईला फोनवर मी हे सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला असणार. “हाई काय खानं शे? भाकर खाय, भाकर!” पण दिवाळीला मी घरी गेले तेव्हा तिने माझे दोन्ही गाल चिमटीत धरून पाहिले. परतताना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी दिली आणि म्हणाली, “त्या मास्तरले दे. म्हना, मनी आंडेर मानसात उनी.” सरांना मी त्याचा अर्थ सांगितला, की आई म्हणते, माझी लेक माणसात आली. त्यांनी पिशवी घेतली आणि बराच वेळ उगाचच तिची गाठ तपासत राहिले.

दिवाळीनंतर मात्र ग्लासाचं काहीतरी बिनसायला लागलं.

आधी बीट दारातून डोकवायचं, ते आता घरात येऊन बसलं. मग पथारी पसरली. केळं कुठे गेलं पत्ता नाही. घोट घेतला की नांगरलेल्या वावरात तोंडघशी पडल्यासारखी चव. आणि रंग! जांभूळ लाजेल असा. माझे दात, ओठ, जीभ दुपारपर्यंत लाल. सहावीतल्या एका मुलीने वर्गात उभं राहून विचारलं, “मॅडम, तुम्ही पान खाता?” दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि शिक्षिकेने विद्यार्थ्यांसमोर कसला आदर्श ठेवावा यावर मला फार प्रेमाने समजावलं. मी बीट आहे, बीट आहे म्हणत राहिले. त्यांनी मला बडीशेपेची डबी भेट दिली.

मी सरांना भीत भीत सांगितलं, “सर, हल्ली बीट जरा जास्त होतंय.”

“रंग मी ठरवतो,” ते म्हणाले आणि कुलूप काढलं. त्या दिवशी ग्लास उलटा करूनही दाखवायला सांगितला नाही. म्हणजे भयंकर रागावले होते.

बीट हे एकच नव्हतं. दर वर्षी दिवाळीत ते गेट स्वतः रंगवायचे, केळीच्या पानाचा हिरवा, डबे कालवून स्वतः तयार केलेला. यंदा गेट झालं निळं. निळं म्हणजे मोरालाही भपकेदार वाटावं असं. सोनगीरने खोलीला पांढरा रंग दिला, तर “पिवळा दिलास, मला फसवतोस?” म्हणून त्याला हाकलून दिलं. बोदवडच्या अक्कांशी भांडले, की मेथी शिळी आहे, वाळलेली आहे. दही पिवळं दिसलं म्हणून दूधवाला बदलला. पायात एक चप्पल काळी, दुसरी तपकिरी. आणि सारखं एकच पालुपद, “जळगावात हल्ली धूळ फार.” भिंतीवरच्या चिमण्याही थांबल्या. शिंतोडे उडायचे आणि नुसते शिंतोडेच राहायचे.

जानेवारीत पुणे आले. म्हणजे मुलगा. शांत, भला माणूस, वडिलांना ‘नाना’ म्हणायचा. त्याने निळं गेट पाहिलं, चपला पाहिल्या, गल्लीतल्या तक्रारी ऐकल्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. आवाज खाली होता.

“मॅडम, तुम्हाला दुसरी खोली बघावी लागेल. नानांना मी घेऊन जातोय. घराला कुलूप लावणार.”

“का? काय झालं?”

“डोकं साथ देत नाहीये त्यांचं. तुम्ही बघताय ना? माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी तर त्यांनी आम्हाला ओळखलं नाही.” त्याचे डोळे पाणावले होते. “इथे एकटं कसं ठेवू?”

सरांना त्याने आधीच सांगितलं होतं. सर अंगणात पाठ करून उभे होते. पुण्यात त्यांना अंगण नव्हतं, केळीचा घड नव्हता, गावावरून हाक मारायला माणसं नव्हती. ते वळले आणि मला म्हणाले, “पिंपळनेर, तुले काय वाटते? मी येडा झालो?” तो प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला तो मला अजून ऐकू येतो. नेहमी उत्तर माहीत असणारा माणूस पहिल्यांदा खरोखर विचारत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गेटाशी न थांबता सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि नुसती बघत राहिले. त्यांनी घडातली केळी बोटाने चाचपली आणि बरोबर पिकलेली दोनच तोडली. डाळिंब सोललं, एक दाणा खाली पडला नाही. दही, लिंबू, चिमूटभर काळं मीठ. कशातही चूक नाही, काही विसरणं नाही, काही दोनदा घालणं नाही. मिक्सर फिरवायच्या आधी झाकणावर पंजा ठेवायलाही ते विसरले नाहीत. मग बीट घातलं, ग्लास भरला, खिडकीशी नेला.

ग्लासातला रंग अगदी बरोबर होता. पहिल्या महिन्यातल्यासारखा.

“फिकं,” ते म्हणाले आणि परत बीट घातलं. पुन्हा खिडकी. “अजून तपकिरीच दिसतंय.” परत बीट.

मी जागच्या जागी ताठ झाले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे समजायला इतके महिने लागले, यावर सर पुढे मला भरपूर बोलले. पण त्या क्षणी मला एवढं कळलं की या माणसाचं डोकं जागेवर आहे, हात जागेवर आहेत. बिघडलंय ते फक्त खिडकीशी.

मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “डोळ्यांचं मी त्यांना विचारलं होतं. अंगावर आले. म्हणाले, मी रंगाचा मास्तर, माझे डोळे तपासणारा अजून जन्माला यायचाय.”

ते खरंच होतं. त्यांना डॉक्टरकडे चला म्हणण्यापेक्षा गिरणा नदीला उलटं वाहा म्हणणं सोपं. मी बोदवडच्या अक्कांना गाठलं आणि केळफूल आणून द्यायला सांगितलं. “ते कोन खाते बाई?” म्हणत का होईना, त्यांनी दुसऱ्या दिवशी आणलं. भांडणाचा राग त्यांच्या मनात नव्हता. उलट जाताना म्हणाल्या, “सरायले घेऊन नका जाऊ देऊ. ते भांडत नाही त्या दिवशी भाजी खपत नाही.”

मंगळवारी शाळेला सुट्टी टाकली. सरांनी ग्लास भरला, तो मी त्यांच्या हातातून घेतला आणि ओट्यावर एका पांढऱ्या ताटलीत ठेवला. ग्लासाशेजारी केळफुलाची पाकळी ठेवली, आतली बाजू वर करून. मुलगा दारात उभा होता.

“सर, जुळवून बघा.”

ते वाकले. आधी थट्टेने, वर्गात पोराची वही बघितल्यासारखे. मग ताटली खिडकीशी नेली. मग खिडकी उघडली. मग ताटली घेऊन अंगणात उन्हात गेले. आम्ही दोघं मागोमाग. ऊन सगळं त्या ताटलीवर पडलं होतं. माझ्यासमोर पाकळी निखाऱ्यासारखी लाल होती आणि ग्लास काळ्या जांभळासारखा. त्यांच्यात काही नातं नव्हतं. आंधळ्यालाही कळलं असतं, असं आपण सहज म्हणतो. तसं म्हणायची मला आता हिंमत होत नाही.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

त्यांनी पाकळी उचलून ग्लासाला लावून धरली. मग म्हणाले, “दोन्ही लालच.”

लाल. नुसतं आडनाव. पुढे नाव नाही.

त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी ताटली हळूच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि कट्ट्यालाच धरून उभे राहिले. मुलगा पुढे आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही लहानपणी तो धडा मिळालेला असणार, कारण त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“नाना, डॉक्टरकडे जाऊ या?”

“चाल,” सर म्हणाले. “मले भेव वाटून ऱ्हायलं.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याच्या काचेवर चहाचा डाग बसावा तसं झालंय, सगळं पिवळट नि मळकट दिसणार, आणि हे इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं जगच मळलंय. मुलगा डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होता, “म्हणजे डोकं ठीक आहे ना?” डॉक्टर म्हणाले, “माझ्याशी एवढे भांडले, म्हणजे ठीकच असणार.” मुलगा तिथल्या बाकावर बसून हसला आणि मग तोंडावर रुमाल धरला. घरी आल्यावर मला म्हणाला, “मॅडम, खोली बघू नका.”

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि सर रिक्षातून उतरले ते गेटासमोरच थबकले. चष्मा वर केला.

“हे कोनं रंगवलं?”

“तुम्हीच,” मी म्हटलं.

“अन् तुम्ही मले रंगवू दिलं?”

त्यांनी सोनगीरला बोलावून घेतलं, त्याच्या पांढऱ्या भिंतीची माफी मागितली आणि त्याच्याकडून गेट खरवडून घेतलं. बोदवडच्या अक्कांची मेथी घेतली, तीन जुड्या, एकट्या माणसाला. पण स्वयंपाकघरात ते दोन दिवस गेले नाहीत. मला वाटतं ते घाबरत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मिक्सरचा आवाज आला.

मी तयार होऊन गेले तर ते ग्लास घेऊन खिडकीशी उभे होते. पाठ माझ्याकडे. ओट्यावर बिटाचा बराच मोठा तुकडा तसाच उरलेला. भिंतीवर नवे शिंतोडे आणि त्यातल्या एकाला चोच आलेली. मी दारातच थांबले. आता काय म्हणतात, याकडे माझा जीव लागला होता.

“केळफुलाचा,” ते म्हणाले. “आतल्या पाकळीचा. ऊन यायच्या आधीचा.”

मग वळून त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि एक डोळा मिटून, नवा डोळा उघडा ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या आठवड्यातलीच ती ओढणी घेतली होती.

“हा गाजराचा लाल आहे. थंडीतल्या गाजराचा,” ते म्हणाले. आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. पिंपळनेर नव्हे, माझं नाव, आई हाक मारते ते. “पी आता. शाळेला उशीर होईल.”

ते नाव त्यांना माहीत आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. घरापासून इतक्या लांब, त्या गावात मला सकाळी उपाशी जाऊ न देणारा एक माणूस होता, त्याचं घर त्याच्यापाशी राहिलं होतं, आणि माझ्यावर इतके उपकार असूनही त्यांची जाणीव करून द्यायची त्याला कधी गरज वाटली नाही. मला रडू फुटलं. ग्लास तोंडाला लावला तेव्हा रंग मला काहीच दिसत नव्हता, पण चव केळ्याची होती.